शेवटची बस ७.४०ची

‘पायी जाणारी’ अशी सही असलेलं एक पत्र आलंय. थोडं छाटून देते.

“मी ३६ वर्षांची आहे. एका छोट्या संस्थेत आठ वर्षं अकाउंट्सचं काम करते. ऑफिस घरापासून चालत वीस मिनिटांवर. माणसं चांगली आहेत, पण गेल्या दोन वर्षांत मी नवीन काही शिकलेली नाही आणि वर जायला जागाच नाही. आता एका मोठ्या कंपनीची ऑफर आली आहे. पगार ३० टक्के जास्त, हाताखाली पाच जणांची टीम. कामाचे तास दोन्हीकडे आठच. अडचण अशी की कंपनी शहराबाहेर आहे. स्टेशनपर्यंत चालत दहा मिनिटं, रेल्वेने पन्नास, पुढे बसने वीस, मग पुन्हा चालत पंधरा. थांबण्याची पाच मिनिटं धरली तर एक तास चाळीस मिनिटं. बस दर वीस मिनिटांनी आहे, तिकडून परतीची शेवटची ७.४०ला. आमच्याकडे गाडी नाही, मला चालवताही येत नाही. मुलगा आठ वर्षांचा. नवरा म्हणतो, ‘घे, महिन्याभरात सवय होईल.’ आई म्हणते, घरी चालून आलेल्या लक्ष्मीला कुणी नाही म्हणतं का! आठ दिवसांत उत्तर द्यायचं आहे. रोजच्या त्या प्रवासाचा विचार आला की पोटात गोळा येतो. मी आळशी आहे का?”

प्रिय पायी जाणारी,

नाही. आळशी माणूस प्रवासाचे तुकडे पाडून मिनिटं मांडत बसत नाही. तुमचा तो हिशेब मी तीनदा वाचला. तुमचं कामच ताळेबंद जुळवण्याचं, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते: त्यात एक नोंद चुकली आहे. थांबण्याची पाच मिनिटं.

बस दर वीस मिनिटांनी असेल आणि अगदी घड्याळ लावून येत असेल, तर कधीही स्टॉपवर गेलेल्या माणसाला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. पण बस घड्याळ लावून येत नाही. समजा, एक बस दहा मिनिटांनी आली आणि पुढची तीस मिनिटांनी, असंच आलटून पालटून. सरासरी अंतर वीसच राहिलं, वेळापत्रक खोटं ठरलं नाही. पण त्या चाळीस मिनिटांतली तीस मिनिटं लांबच्या खंडात मोडतात, म्हणजे तुम्ही स्टॉपवर पोचाल ती वेळ त्या लांबच्या खंडात पडण्याची शक्यता चारात तीन. हिशेब केला तर सरासरी वाट पाहणं साडेबारा मिनिटांवर जातं. ‘बस नेमकी मी आले की उशिरा येते’ असं प्रत्येकाला वाटतं ना, त्यात नशिबाचा दोष कमी आणि गणिताचा जास्त. यात रेल्वेची वाट पाहणं अजून धरलेलंच नाही.

तुमची एक तास चाळीस मिनिटं ही चांगल्या दिवसाची वेळ आहे. आणि नोकरीवर वेळेत पोचायचं तर घरातून वाईट दिवसाच्या हिशेबाने निघावं लागतं. धरा, रेल्वे दहापैकी नऊ दिवस वेळेवर येते आणि पुढची बसही दहापैकी नऊ दिवस ठरल्याप्रमाणे मिळते. ऐकायला दोन्ही उत्तम. पण दोन्ही एकाच दिवशी जुळून येण्याचे दिवस शंभरात ८१. म्हणजे आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी जवळजवळ एक दिवस गाडं अडणार. नव्या जागी, नव्या पदावर, टीम आठवड्यातून एकदा तुमची वाट पाहत बसली आहे, हे तुम्हाला चालणार नाही. मग तुम्ही एक गाडी आधीची पकडायला लागाल, आणि एक तास चाळीस मिनिटांचे आपसूक दोन तास होतील.

आता पगार. आज तुम्ही आठ तास काम आणि चाळीस मिनिटं चालणं, असे दिवसाचे ५२० मिनिटं देता. नव्या ठिकाणी तुमच्याच आकड्यांनी ते ६८० होतात. म्हणजे वेळ जवळपास ३१ टक्के वाढला आणि पगार ३०. बरोबरी झाली म्हणा. जायला दोन तास, यायला दोन तास धरले तर दिवस ७२० मिनिटांचा होतो आणि तासामागे तुमच्या हातात आजच्यापेक्षा सहा टक्के कमीच पडतात. त्यातून पासाचे पैसे जायचेत ते वेगळेच. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले, तर जास्तीच्या प्रवासाचे तास, तुमच्याच सौम्य हिशेबाने, ६४० होतात. आठ तासांचा एक दिवस, असे ऐंशी दिवस. ते कुठल्या खात्यातून वळते करायचे, ते तुम्हीच बघा. माझ्या माहितीत एकच खातं आहे.

तेव्हा आईंना सांगा, लक्ष्मी आली आहे खरी, पण येताना रोजचे चार तास मागते आहे.

आता नवरोबांच्या ‘सवय होईल’बद्दल. त्यांचं अर्धं बरोबर आहे. लांबीची सवय होते. पन्नास मिनिटांची रेल्वे, बसायला जागा मिळाली तर, दोन महिन्यांत तुमच्या दिवसाचा भाग होऊन जाईल. वाचाल, डुलकी काढाल, खिडकीबाहेर बघाल. सवय होत नाही ती अनिश्चितीची. आज बस येईल का, आली तर आत शिरता येईल का, ही धाकधूक रोज नवी असते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांनी आदल्या दिवसातल्या एकेका कामाच्या वेळी मन कसं होतं ते नोंदवलं होतं. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास यादीत अगदी तळाला होता. घरकाम, खुद्द नोकरीचं काम, सगळं त्याच्या वर. अर्थशास्त्राचा तर्क असा की लांबचा प्रवास करणाऱ्याला त्याची भरपाई कुठेतरी मिळतच असणार, चांगला पगार नाहीतर चांगलं घर; नाहीतर तो हा व्याप करेल कशाला? ॲलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्वित्झर्लंडमधल्या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या अनेक वर्षांच्या पाहणीवरून तो तर्क तपासला. २००८ साली त्यांनी लिहिलं की भरपाई पुरी होत नाही. प्रवास जितका लांब, तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. नोकरी घेताना पगार ठळक दिसतो आणि रोजचे चार तास पुसट दिसतात, हे बहुतेकांचं होतं. तुमचं झालेलं नाही, तुमच्या पोटात गोळा आला. त्या गोळ्याला आळस म्हणू नका.

मात्र ‘गाडी नाही’ हे तुम्ही जसं मान खाली घालून लिहिलंय, ते मला पटलं नाही. ब्रिटनमधल्या सुमारे १८,००० नोकरदारांच्या अठरा वर्षांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१४ साली आला. त्यात चालत, सायकलने किंवा बस-रेल्वेने कामावर जाणाऱ्यांची मनःस्थिती गाडी चालवत जाणाऱ्यांपेक्षा बरी निघाली. तुमच्या मार्गातली चालण्याची पंचवीस मिनिटं हा सगळ्यात भरवशाचा भाग आहे. पायांना कधी उशीर होत नाही. माझा संशय आहे तो त्या वीस मिनिटांच्या बसवर. तिला दुसरा काही पर्याय निघतो का ते शोधा. त्याच रस्त्याने जाणारा कुणी सहकारी असेल, स्टेशनवर सायकल ठेवण्याची सोय असेल, दहा मिनिटं जास्त चालून दुसऱ्या मार्गाची बस मिळत असेल. साखळीतली एक कडी काढता आली तर सगळं गणित बदलतं.

आणि कृपा करून ‘वाढलेल्या पगारातून गाडी घेऊ’ हा विचार आत्ता करू नका. नोकरीला जाण्यासाठी गाडी आणि गाडीचे हप्ते भरण्यासाठी नोकरी, या घाण्याला जुंपून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. पगारवाढ सगळी त्यात जाते आणि नोकरी सोडण्याची मोकळीकही जाते. कंपनीजवळ घर घेण्याचंही तेच. प्रोबेशन संपेपर्यंत तो विषय काढू नका.

मी स्वतः साडेतीन वर्षं असा प्रवास केलाय. मुलाखतीत साहेब म्हणाले होते, “स्टेशनवरून आपली बस असते, काळजी नको.” चौथ्या महिन्यात ती बस बंद झाली. नोटीस बोर्डावर दोन ओळींचा कागद. मी विचारायला गेले तर समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “ऑफर लेटरमध्ये बसचा उल्लेख आहे का?” नव्हता. बोलण्याचा उल्लेख कुठल्याच कागदात नसतो.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला अजून आठवतात. प्रवासाने दमायला व्हायचंच, पण खरं नुकसान दुसरीकडे होत होतं. सव्वासहा वाजले की टेबलाखाली माझा पाय हलायला लागायचा. पर्स मांडीवर, चेन लावलेली, छत्री हातात. शेजारी बसणारा सहकारी हसून म्हणायचा, “यांची बस लागली वाटतं.” बैठकीत तासभर नुसती चर्चा चालते आणि ठरायचं ते शेवटच्या दहा मिनिटांत, सगळे खुर्च्या मागे सरकवत असताना ठरतं. ती दहा मिनिटं मी साडेतीन वर्षांत क्वचितच पाहिली. दुसऱ्या दिवशी कळायचं की माझ्या कामाबद्दल काहीतरी ठरलंय.

तुम्ही तर टीम सांभाळायला जाताय, आणि तीही अकाउंट्सची. महिनाअखेर म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. पुस्तकं बंद करायच्या रात्री साडेसातला आकडा जुळत नाहीये, पाच जण तुमच्या तोंडाकडे बघताहेत आणि ७.४०ची बस पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. खरं तर ती त्याआधीच चुकलेली आहे, कारण स्टॉपवर पोचायला ७.२०ला उठायला हवं होतं. शेवटची बस ज्याला धरायची असते त्याने तिच्या आधीचीच बस आपली शेवटची समजावी लागते, नाहीतर एखाद्या रात्री रस्त्यावर उभं राहायची पाळी येते. म्हणजे तुमचा निघण्याचा काटा सातला. वर्षातले बाराही महिनाअखेर. हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि माझ्या मते पगारापेक्षा तोच मोठा आहे.

मग ऑफर नाकारा असं म्हणतेय का मी? नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य प्रवासाबद्दलचं नाहीच. ‘गेल्या दोन वर्षांत मी नवीन काही शिकलेली नाही.’ ३६व्या वर्षी हे वाक्य लिहिणाऱ्या बाईने ४२व्या वर्षीही तेच लिहावं, असं मला वाटत नाही. पाच जणांची टीम सांभाळल्याचा अनुभव पुढच्या नोकरीत तुमच्याबरोबर येतो. प्रवास येत नाही, तो तिथेच सुटतो. पुढचा पगारही बहुधा या नव्या पगारावरून ठरेल, आजच्या नाही. नुसत्या ३० टक्क्यांसाठी मी तुम्हाला जाऊ नका म्हटलं असतं. पण पदासाठी, आणि मुदत ठरवून जाणार असाल, तर जावं. दोन वर्षं म्हणा. आजच एखाद्या वहीत तारीख लिहून ठेवा. त्या तारखेला एकतर जवळची नोकरी शोधायला लागायचं, नाहीतर प्रवास कमी करून घ्यायचा. बेमुदत सोसणं आणि दोन वर्षं सोसणं यांत फार फरक आहे. शरीरालाही तो कळतो.

पण सही करायच्या आधी तीन गोष्टी कागदावर घ्या. ऑफर हातात आहे आणि सही व्हायची आहे, हेच आठ दिवस तुमचा शब्द सगळ्यात वजनदार आहे. रुजू झाल्यावर हीच मागणी सवलत मागितल्यासारखी दिसते. पहिली गोष्ट, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. अकाउंट्सचं बरंचसं काम आता कुठूनही होतं, आणि तीनच दिवस जायचं झालं तर वर्षाचे ते ६४० जास्तीचे तास घसरून ३८४वर येतात. त्यात घरून कामाच्या दिवशी तुमचं आत्ताचं चाळीस मिनिटांचं चालणंही वाचतं. दुसरी, येण्याच्या वेळेत अर्ध्या-पाऊण तासाची लवचीकता. ती असली की आठवड्यातून एकदा चुकणारी बस निव्वळ चुकलेली बस राहते, लेट मार्क होत नाही. तिसरी, महिनाअखेरीला सातनंतर थांबावं लागलं तर घरी पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. या तिसऱ्या मागणीला लाजू नका. ती तुमच्या सोयीपेक्षा त्यांच्या कामासाठी जास्त आहे, आणि मांडायचीही तशीच.

फार लांबण लावू नका. एचआरला चार ओळी लिहा: ‘पद स्वीकारायला मी उत्सुक आहे. मी रेल्वे आणि बसने येणार आहे. महिनाअखेरीच्या कामात खंड पडू नये म्हणून पुढील तीन गोष्टी ऑफर लेटरमध्ये नमूद कराव्यात, ही विनंती.’ घरच्या अडचणी, मुलाचं वय, नवऱ्याची शिफ्ट यातलं काही त्यात घालू नका. त्यांनी दोन मान्य केल्या आणि त्यांतली एक महिनाअखेरीची असली, तर मी तुमच्या जागी असते तर गेले असते. ‘आधी रुजू तर व्हा, मग बघू’ असं उत्तर आलं, तर ते नाहीच समजा. तसं झालं तर ऑफर सोडा आणि दुसरी शोधा. एकीने तुम्हाला टीम द्यायची तयारी दाखवली, म्हणजे बाजारात तुम्हाला किंमत आहे हे तरी कळलं.

दरम्यान घरात एक बोलणं व्हायला हवं, आणि ते तुमच्या सवयीबद्दल नको. मुलाच्या शाळेतून ‘ताप आलाय, घेऊन जा’ असा फोन आला की आज वीस मिनिटांत कोण पोचतं? तुम्ही. उद्या तुम्ही एक तास चाळीस मिनिटांवर असाल. तो फोन कुणाला जाणार, सकाळी मुलाला तयार कोण करणार, संध्याकाळी साडेसहा ते नऊ घरात कोण असणार, हे नावानिशी ठरवा. ‘बघू, जमवू’ नको. ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यालाही थोडी सवय करून घ्यावी लागणार आहे, हे त्यांच्या लक्षात आलेलं नसावं. वाईट हेतू नसतो हो, दिसतच नाही. शाळेच्या कार्डावर पहिला नंबर त्यांचा घाला, मग दिसेल.

आणि हे सगळं करण्याआधी एक रजा टाका. रविवार नाही चालणार, कामाचाच दिवस हवा. ज्या वेळी निघावं लागेल त्याच वेळी घरातून निघा, कंपनीच्या गेटपर्यंत जा, घड्याळ बघा. बसची वेळ वेळापत्रकावरून घेऊ नका. ती स्टॉपवर लागली तो क्षण लिहा. रेल्वेत बसायला मिळालं का उभं राहावं लागलं, तेही लिहा, त्याने पन्नास मिनिटांचा अर्थच बदलतो. मधला वेळ कुठेतरी काढा आणि संध्याकाळी सातला त्याच गेटवर उभ्या राहा. मुख्य चाचणी ती आहे. स्टॉपपर्यंतच्या त्या पंधरा मिनिटांच्या रस्त्यावर दिवे आहेत का, कडेने चालायला जागा आहे का, आणखी कुणी चालतंय का, की तुम्ही एकट्याच. सकाळी दिसणारा रस्ता आणि अंधार पडल्यावरचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात. त्या चालण्यात जीव मुठीत धरावा लागला, तर वरचे सगळे आकडे विसरा आणि नाही म्हणा. त्यासाठी माझी किंवा कुणाचीच परवानगी लागत नाही.

घरी पोचाल तेव्हा मुलगा जागा होता का, हे मिनिटांच्या खालीच लिहून ठेवा. कंपनीचं उत्तर काय आलं ते कळवा. नाही कळवलंत तरी चालेल, पण परतीच्या रेल्वेत बसायला जागा मिळाली का, तेवढं जरूर लिहा.